पंपात एक, पोटात दुसरेच

केळीवर मावा किंवा फुलकिडे दिसले की रावेर तालुक्यात खांद्यावर पंप चढतात. केळीची पाने माणसाच्या डोक्यावर, त्यामुळे नळी वर धरून फवारावे लागते आणि तुषार परत तोंडावरच येतात. माणूस सकाळी फवारतो, दुपारी ठणठणीत घरी येतो, भाकरी खातो आणि संध्याकाळी त्याला दरदरून घाम सुटतो, तोंडातून लाळ गळू लागते. घरचे म्हणतात, "औषध तर सकाळी मारले, मग आत्ता कसे लागेल?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या यकृतात आहे. बाहेरून आलेले कोणतेही रसायन शरीर जसेच्या तसे ठेवत नाही. यकृतातील विकरे त्याची मोडतोड करतात, ते पाण्यात विरघळेल असे बनवतात, म्हणजे लघवीवाटे निघून जावे. बहुतेक वेळा यात आपले भलेच होते. कधी मात्र उलटे घडते. क्लोरपायरिफॉसचेच पाहा. त्याच्या रेणूत फॉस्फरसला गंधकाचा अणू चिकटलेला असतो. या रूपात ते मज्जातंतूंना फारसा त्रास देत नाही. यकृत तो गंधक काढून जागी ऑक्सिजन बसवते आणि कित्येक पटींनी जहाल असे नवेच रसायन तयार होते. त्याला वेळ लागतो, म्हणून लक्षणे उशिरा. मोनोक्रोटोफॉसला मात्र असल्या बदलाची गरजच नाही, ते आल्याआल्या कामाला लागते.

तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळीही याच वाटेने जाते. तिचा थोडासा भाग यकृतात विषारी होतो आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. गोळ्या फार झाल्या की यकृताजवळचा उताराच संपतो, आणि मग त्याचेच नुकसान होते.

रसायनाचे आत गेल्यावर काय होईल, हे पूर्वी उंदरांना पाजून पाहत. किती मात्रेला निम्मे उंदीर मरतात ते मोजायचे, अशी ती जुनी पद्धत. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने ती २००२ साली आपल्या यादीतून काढून टाकली. आता त्याआधी संगणकाला विचारतात. रेणूची रचना संगणकात भरायची. आजवर तपासलेल्या हजारो रसायनांची माहिती त्याच्याजवळ असते. अशा जोडणीचे यकृतात काय होते, कोणता तुकडा आढळला की पेशीला अपाय होतो, हे नियम लावून तो संभाव्य तुकड्यांची यादी काढतो. गंधक जाऊन ऑक्सिजन येणार, हे तर तो चटकन ओळखतो, कारण तो नियम जुना आहे. मग प्रयोगशाळेत नेमके तेच तुकडे शोधायचे. अंधारात चाचपडण्यापेक्षा हे कधीही बरे. आपल्याकडेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी संगणकाच्या व पेशींवरच्या चाचण्यांना वाट मोकळी करण्यात आली.

पण संगणकाला कागदावर लिहिलेला रेणू कळतो, आपला पंप कळत नाही. मॅलेथिऑनचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. माणसाच्या शरीरातील एक विकर ते लगेच मोडते, किड्याला ते जमत नाही, म्हणून हिवतापाच्या फवारणीत ते सुरक्षित मानले गेले. तरीही १९७६ साली पाकिस्तानात हे मॅलेथिऑन फवारणारे सुमारे २८०० कामगार आजारी पडले आणि ५ जण दगावले. मालात साठवणीत तयार झालेली भेसळ होती आणि तिने नेमके तेच रक्षण करणारे विकर बंद पाडले. शुद्ध मॅलेथिऑनचे गणित चुकले नव्हते. डब्यात शुद्ध मॅलेथिऑन नव्हते, एवढेच.

२०१७ च्या पावसाळी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेकडो जण रुग्णालयात पोहोचले आणि २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेथे वापरलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रणही होते. सायपरमेथ्रिन मोडणारी विकरे प्रोफेनोफॉस अडवते, त्यामुळे दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा भारी पडतात. हे तर तयार मिश्रण. आपण बांधावर उभे राहून तीन बाटल्या एका बादलीत ओततो, वर टॉनिक घालतो. त्या बादलीचे भाकीत कोणत्याही संगणकाकडून कोणी मागितलेले नसते. दुकानदार सांगतो आणि आपण ओततो! हा धंदा थांबला पाहिजे असे मला वाटते.

फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, हातापायाचे स्नायू फडफडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळी फवारले की दुपारी, याचा हिशेब करू नये. कपडे लगेच उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्यानेही हातात रबरी मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी चढवावी. तूप, दूध किंवा मिठाचे पाणी पाजत बसू नका. या विषावर ॲट्रोपिनची इंजेक्शने आहेत, ती रुग्णालयात वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. जाताना बाटली सोबत न्या, आणि बादलीत दोन किंवा तीन औषधे मिसळली असतील तर सगळ्या बाटल्या न्या. डॉक्टरांना एकच दाखवून दुसरी लपवू नका.