खारपाणपट्टा : संगणक विहिरीचे पाणी कसे जोखतो?

खारपाणपट्टा म्हणजे जिथे भूजल खारे आहे असा पट्टा. कुठे? पूर्णा नदीच्या खोऱ्यात. बुलढाणा, अकोला, अमरावती जिल्ह्यांत. बुलढाण्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतील अनेक गावे.

कारण : गाळाच्या जाड थरांतले नैसर्गिक क्षार.

मर्यादा : आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, फ्लोराइड १, कमाल १.५.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम : तपासलेल्या विहिरींचे आकडे, खोली, माती, पाऊस यांतील संबंध प्रणाली शिकते आणि न तपासलेल्या विहिरींचा अंदाज बांधते. त्यावरून धोक्याचा नकाशा तयार होतो. आधी कोणत्या गावाचे नमुने घ्यायचे, हे ठरवता येते.

बंद खाणींसाठीही : चंद्रपूर, यवतमाळच्या कोळसा पट्ट्यात हीच पद्धत वापरता येते. तिथे सामू, लोह आणि सल्फेटवर नजर ठेवावी लागते. कारण कोळशातील पायराइटला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते.

लक्षात ठेवा : अंदाज म्हणजे अहवाल नव्हे. विहिरीचे, बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्याच. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत.