मेंढ्यांचा गिड रोग : निदान, उपचार व प्रतिबंध

कळपातील वर्षभराची धडधाकट मेंढी चरणे सोडून एकाच जागी गोल गोल फिरू लागते आणि खंगून मरते. कोणी यास करणी समजतात, कोणी विषबाधा. वास्तविक हा मेंदूतील कृमीचा रोग असून त्याचे मूळ पुष्कळदा वाड्यावरील कुत्र्यातच असते.

रोगाचे कारण

‘टीनिया मल्टिसेप्स’ हा चपटा कृमी कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर व पाण्यात पडतात. मेंढीने किंवा शेळीने ती गिळली म्हणजे त्यांतून निघालेला सूक्ष्म जीव रक्तावाटे मेंदूत पोचतो. तेथे पाण्याने भरलेला फुगा तयार होऊन काही महिन्यांत लिंबाएवढा होतो. त्याच्या आतील पडद्यावर शेकडो कृमिशिरे असतात. असे डोके कुत्र्याने खाल्ले की सुमारे ६ आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी पडू लागतात.

लक्षणे व निदान

मेंढी कळपापासून अलग राहते, मान कलती ठेवते, अडखळते व बहुधा ज्या बाजूस फुगा असेल त्या बाजूस फिरते. एका डोळ्याची दृष्टीही जाते. कोवळ्या वयात फुग्यावरील कवटीचे हाड पातळ होऊन अंगठ्याने दाबल्यास मऊ लागते. नाकातील अळ्या व लिस्टेरिया जंतूंचा रोग यांतही अशी काही लक्षणे दिसतात. म्हणून निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे.

उपचार

फुगा पूर्ण वाढल्यावर शस्त्रक्रिया हाच भरवशाचा उपाय होय. पशुवैद्य भूल देऊन कवटीस छिद्र पाडतात व फुगा बाहेर काढतात. फुगा वरवर असल्यास मेंढी बहुधा बरी होते. खोलवर असल्यास यशाची आशा कमी असते. डाग देण्याने काहीही लाभ होत नाही.

प्रतिबंध

१. मेलेल्या अथवा कापलेल्या मेंढीशेळीचे डोके कुत्र्यास घालू नये. ते जाळावे किंवा खोल पुरावे.
२. वाड्यावरील सर्व कुत्र्यांना पशुवैद्याच्या सल्ल्याने दर ६ आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे व त्यानंतरची विष्ठा पुरून टाकावी.
३. क्वचित हा रोग माणसासही होतो; म्हणून कुत्र्यास हाताळल्यावर व जेवणापूर्वी हात धुवावेत.

आजारी मेंढी वाचेलच असे नाही. परंतु तिचे डोके कुत्र्याच्या तोंडी न पडू दिल्यास पुढील वर्षीची कोकरे वाचण्याची शक्यता वाढेल.