ऑपरेशन एकदाच, पथ्य जन्मभर!

नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजन कमी करायची सर्जरी करून घेतली, हे तुम्ही ऐकलं असेल. पण सर्जरीनंतरचं कुणी फारसं सांगत नाही! ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात. मग जेवण थोडंसंच, तेही सावकाश चावून. सुरुवातीला केस गळतात, ते बहुधा परत येतात. पण बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. गोळ्या सोडल्या, तर ॲनिमिया होऊ शकतो, हातापायांना मुंग्या येतात. खाण्यावरचा ताबा सुटला, तर वजनही पुन्हा वाढतं.

तेव्हा घोडेगावात लग्नाच्या पंगतीत असा कुणी मित्र ‘बास’ म्हणाला, तर ‘एक जिलेबी घेच’ म्हणून आग्रह करू नका. जास्त गोडाने त्याला गरगरू शकतं. त्यापेक्षा विचारा, ‘आजची गोळी घेतली का रे?’