युद्धनौकांचे किनारी क्षेपणास्त्रांपासून संरक्षण

किनाऱ्यावरून सोडलेल्या जहाजविरोधी क्षेपणास्त्रांचा वेळीच शोध घेणे, ती पाडणे वा चकविणे आणि आघात झालाच, तर हानी आटोक्यात ठेवणे या उपायांचा यात समावेश होतो. किनारी तोफांचे भय नौदलांना पूर्वीही होते. परंतु तोफेची जागा बहुधा ठाऊक असे. मोटारवाहनावरील प्रक्षेपक मात्र झाडीत वा इमारतींच्या आड दडतो, मारा करून लगेच जागा बदलतो. शत्रूचे आरमार दृष्टिपथात नसतानाही धोका संभवतो, हे या माऱ्याचे वैशिष्ट्य होय.

संरक्षणाचा मुख्य प्रश्न वेळेचा आहे. रडार-तरंग जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेपलीकडील वस्तू रडारला दिसत नाही. पाण्यापासून २० मी. उंचीवरील रडारला ३ मी. उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र फार तर सु. २५ किमी. अंतरावर दिसू शकते. त्याचा वेग सेकंदाला ३०० मी. असल्यास नौकेला दीड मिनिटाहून कमी अवधी मिळतो, ९०० मी. असल्यास अर्धा मिनिटही मिळत नाही. म्हणूनच हेलिकॉप्टरमधील उंचावरच्या रडारला महत्त्व आहे.

क्षेपणास्त्र दूर असतानाच ते प्रतिक्षेपणास्त्राने पाडणे श्रेयस्कर. ते हुकल्यास शीघ्रगती तोफा हा अखेरचा उपाय. दरम्यान क्षेपणास्त्राच्या रडारमध्ये इलेक्ट्रॉनीय व्यत्यय आणतात, तसेच धातुलेपित तंतूंचा ढग (चॅफ) उडवून त्याला खोटे लक्ष्य दाखवितात. हे उपाय एकमेकांच्या आड येणार नाहीत, ही दक्षता मात्र घ्यावी लागते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी कुवेतच्या किनाऱ्यावरून इराकने सोडलेले सिल्कवर्म क्षेपणास्त्र ब्रिटिश विनाशिका ‘ग्लॉस्टर’ने सी डार्ट क्षेपणास्त्राने पाडले, पण त्याच प्रसंगी ‘मिसूरी’ या अमेरिकन युद्धनौकेने उडविलेल्या चॅफवर ‘जॅरेट’ या सोबतच्या फ्रिगेटच्या स्वयंचलित तोफेने मारा केला आणि काही गोळ्या ‘मिसूरी’लाच लागल्या.

फॉकलंड युद्धात १२ जून १९८२ रोजी अर्जेंटिनाने नौकेवरील एक्झोसेट क्षेपणास्त्र जोडगाडीवर बसवून स्टॅन्लीजवळून ब्रिटिश विनाशिका ‘ग्लॅमॉर्गन’वर सोडले. ते दिसताच नौकेने वेगाने वळण घेऊन पिछाडी त्याच्याकडे केली. क्षेपणास्त्र हेलिकॉप्टर-कक्षाजवळ आदळून १४ जण मृत्युमुखी पडले, तरी नौका बुडाली नाही. आघाताचा कोन बदलण्याची ही कृती आणि नंतरचे अग्निशमन यांचे मोल अस्त्रांइतकेच ठरले.

याउलट १४ जुलै २००६ रोजी बैरूतसमोर इझ्राएलच्या ‘हानित’ या नौकेवर आधुनिक संरक्षणसामग्री असूनही ती त्या वेळी कार्यरत नव्हती. हिझबुल्लाहपाशी असे क्षेपणास्त्र असेल, हे गृहीतच धरले नव्हते. आघातात चौघे ठार झाले. एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात ‘मस्क्वा’ ही रशियन क्रूझर बुडाली. आपल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी तिचा वेध घेतल्याचे युक्रेनने सांगितले, तर रशियाने नौकेवरील आगीचे कारण दिले.

२०२३ अखेरपासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हूतींनी जहाजांवर बॅलिस्टिक क्षेपणास्त्रेही सोडली. ती पाण्यालगत न येता उंचावरून अतिवेगाने खाली येतात. रडारला ती लांबून दिसतात, परंतु ती पाडण्यासाठी निराळी, महागडी प्रतिक्षेपणास्त्रे लागतात. नौकेवरील असा साठा मर्यादित असतो आणि खोल समुद्रात तो पुन्हा भरणे कठीण असल्याने त्यासाठी नौकेला बहुधा बंदर गाठावे लागते.