कर्करोगाचे निदान : सावली आणि साक्ष

मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या एस.टी.त मांडीवर एक भलेमोठे पाकीट जपून धरून बसलेला गृहस्थ वाचकांनी कधी ना कधी पाहिला असेल. पाकिटात एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा एमआरआयच्या फिल्म असतात. घरातल्या कोणाची तरी सोन्याची बांगडी मोडून काढलेली ती चित्रे असतात. पाकिटाला घडी पडू नये म्हणून तो रात्रभर अवघडून बसतो. सकाळी परळच्या कर्करोग रुग्णालयात पोहोचल्यावर मात्र त्याला लवकरच एक वेगळा प्रश्न विचारला जातो : गाठीचा तुकडा तपासला होता का? त्याचा ब्लॉक आणि स्लाइड आणल्या आहेत का? या प्रश्नाने गोंधळून जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ कारकून असेच गोंधळले होते. त्यांच्या मानेवरची गाठ तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात काढण्यात आली. ‘साधी गाठ आहे, काळजीचे कारण नाही’ असे त्यांना सांगण्यात आले आणि काढलेली गाठ टाकून देण्यात आली. वर्षभराने त्याच जागी दुसरी गाठ आली. मग सोनोग्राफी झाली, सीटी झाला, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून पेट स्कॅनही झाला. पुढे मुंबईत तुकडा तपासला गेला तेव्हा रोगाचे नाव कळले. दीड वर्षाने ते गेले. पहिल्याच वेळी तपासणी झाली असती तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. कारण ते सांगू शकणारा एकमेव पुरावा दवाखान्याच्या बादलीत गेला होता.

मी वैद्यकाचा अभ्यासक नाही, अर्थशास्त्राचा शिक्षक आहे. तथापि, पैसा कोठे खर्च होतो आणि कोठे व्हायला हवा, हा आमच्याच शास्त्राचा प्रश्न असल्याने या विषयावर चार शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरू नये.

चित्र आणि तुकडा यांची कामे मुळातच भिन्न आहेत. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि शरीर न उघडता आत पाहण्याची सोय झाली. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचे थराथराने चित्र घेतले आणि सीटी स्कॅनचे युग सुरू झाले. आज गाठ किती सेंटिमीटरची आहे, कोणत्या रक्तवाहिनीला खेटून आहे, यकृतात किंवा हाडांत आणखी काही दिसते का, हे ही चित्रे सांगतात. शस्त्रक्रिया करावी की नाही, किरणोपचार कोठे द्यावेत, हे त्यांच्याशिवाय ठरत नाही. पण चित्र म्हणजे अखेर सावलीच होय. क्ष-किरण किती अडले, ध्वनिलहरी कशा परतल्या, याची ती नोंद असते. सावलीवरून माणूस उभा आहे हे कळते. तो चोर की साव, हे कळत नाही.

आपल्या देशात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे क्षयरोग घरोघरी परिचित आहे. फुप्फुसातील डाग क्षयाचा की कर्करोगाचा, हे एक्स-रेवरून खात्रीने सांगणे पुष्कळदा अशक्य असते. क्षय समजून महिनोन्महिने गोळ्या घेतल्यावर कर्करोग निघाल्याची उदाहरणे आहेत. याउलट कर्करोगाच्या धास्तीने खचलेल्या माणसाला क्षय निघून तो बराही झालेला आहे. पेट स्कॅन साखर अधिक शोषणाऱ्या पेशी उजळून दाखवतो. परंतु क्षयाच्या गाठीही साखर शोषतात आणि तितक्याच उजळतात. यंत्र महाग असले म्हणून त्याची ही मर्यादा नाहीशी होत नाही.

तुकड्याचा मार्ग निराळा. सुईने किंवा चाकूने काढलेला भाग तत्काळ फॉर्मालिनमध्ये बुडवायचा, मग मेणात बसवून त्याचा ठोकळा, म्हणजेच ब्लॉक करायचा, आणि त्याचे मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावे लागणारे पातळ काप काचेवर घ्यायचे. हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांनी पेशींची केंद्रके निळसर व बाकीचा भाग गुलाबी होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली विकृतिशास्त्रज्ञ पाहतो : पेशींनी आपली शिस्त सोडली आहे काय, त्यांनी शेजारच्या ऊतीत घुसखोरी केली आहे काय? रोगाचे मूळ पेशीत शोधावे, हा विचार फिर्खो यांनी १८५८ मध्ये मांडला आणि ही परीक्षा आजही त्याच पायावर उभी आहे. आता तिच्यात नवी भरही पडली आहे. स्तनाच्या गाठीतील पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या आहेत की नाहीत, हे त्याच तुकड्यावर तपासले जाते आणि कोणते औषध द्यायचे ते त्यावरून ठरते. चित्र हे सांगू शकत नाही.

या शास्त्राची परंपरा आपल्याला परकी नाही. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील निरनिराळ्या समाजांत कोणते कर्करोग अधिक आढळतात आणि तंबाखूसारख्या सवयींशी त्यांचा संबंध काय, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीने मांडले. अशा माणसांची नावे मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतात.

याचा अर्थ चित्रे निरुपयोगी आहेत असा मुळीच नव्हे. सुई नेमकी कोठे घालावी हे आज सोनोग्राफी आणि सीटीच दाखवतात. यकृताच्या काही कर्करोगांत विशिष्ट परिस्थितीत चित्रावरूनच निदान मान्य केले जाते. पण हे अपवाद आहेत. बहुतेक कर्करोगांत संशय घ्यावा चित्राने आणि निवाडा द्यावा तुकड्याने, हाच नियम होय.

हा नियम का, ते वर्गात मी मांडतो त्या साध्या हिशेबाने समजेल. समजा, कोणतीही तक्रार नसलेल्या एक हजार स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी पाच जणींना खरोखर रोग आहे. तपासणी पाचांपैकी चार जणींना ओळखते, आणि निरोगी असलेल्या शंभरांतील दहा जणींवर चुकून संशय घेते. तर एकूण संशयित सुमारे एकशेचार आणि त्यांत खऱ्या रुग्ण चार! तपासणी वाईट नाही. रोगच विरळा आहे. उरलेल्या शंभर जणींची रात्रीची झोप परत मिळवून देणारी आणि चौघींना वेळेवर उपचार मिळवून देणारी गोष्ट म्हणजे पुढची ऊतिपरीक्षा. ती नसेल तर आरोग्यशिबिरांतून आपण केवळ भीती वाटत असतो.

मग पैसा यंत्रांकडेच का धावतो? यंत्र दिसते, त्याला हार घालता येतो, फीत कापता येते, त्याची जाहिरात करता येते. सूक्ष्मदर्शकावर वाकलेला माणूस कोणालाच दिसत नाही. वैद्यकीय सेवेच्या बाजारात ग्राहकाला मालाची पारख नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. ज्याची पारख नाही ते किमतीवरून जोखण्याची मनुष्याची प्रवृत्ती असते. साहजिकच महाग फिल्म खरी वाटते आणि त्या मानाने स्वस्त असलेली तुकड्याची तपासणी अनावश्यक वाटते.

त्यात भर पडते ती ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या समजाची. काही विशिष्ट गाठींत, उदाहरणार्थ अंडकोषाच्या गाठीत, डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा प्रकार क्वचित घडतोही. परंतु या विरळ धोक्याच्या भयाने निदानच लांबणीवर टाकणे म्हणजे रोगाला आपण होऊन मुदतवाढ देणे होय.

शासनाने जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅनची यंत्रे अवश्य द्यावीत. पण त्याआधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फॉर्मालिनची बाटली, नमुना पोहोचवण्याची व्यवस्था, जिल्ह्याला पुरेसे विकृतिशास्त्रज्ञ आणि ठरावीक दिवसांत लेखी अहवाल, एवढे तरी असावे. काढलेली संशयास्पद गाठ तपासणीविना टाकून देणे ही हलगर्जी मानली गेली पाहिजे.

वाचकांकडून अपेक्षा याहूनही लहान आहे. आपली किंवा आप्ताची गाठ काढली जाईल तेव्हा ‘ती तपासायला पाठवली का?’ एवढे विचारावे. अहवालाची प्रत मागून घ्यावी, ब्लॉक व स्लाइड कोठे ठेवल्या आहेत त्याची नोंद करावी आणि दुसऱ्या रुग्णालयात जाताना त्या सोबत न्याव्यात. आमच्या कारकुनांनी आयुष्यभर कार्यालयातला एकही कागद गहाळ होऊ दिला नाही. स्वतःच्या देहाचा दाखला मात्र मागावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.