बोल्ट पक्का, पण कातळ?

सुरतेजवळच्या चलथाणला चढायला काही नाही. साखर कारखान्याची चिमणी सोडली तर नजर अडेल असा उंचवटा दिसत नाही. काळी जमीन, ऊस, महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग, एवढाच पसारा. पण याच लोहमार्गाने पूर्वेला निघालेली गाडी बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला पोचते, तेव्हा ती दख्खनच्या कातळात शिरलेली असते. सुरतेच्या उधना-लिंबायतमधली खानदेशी कुटुंबे दिवाळीला गावी जातात ती याच वाटेने. नवापूरचे फलाट अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, ही गंमत मुलांना हमखास दाखवली जाते. पुढे नंदुरबारपासून साक्री-धुळ्यापर्यंत जमिनीतून वर आलेल्या काळ्या, अरुंद, सरळ रेषेतल्या टेकड्यांकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही.

भूवैज्ञानिक त्यांना डाईक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर येत होता, तेव्हा काही भेगांतच तो थिजला आणि उभ्या भिंती तयार झाल्या. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, भिंती उरल्या. आयआयटी मुंबईच्या भूवैज्ञानिकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या २१० डाईकची नोंद आहे. त्यांची जाडी ३ ते ६२ मीटर भरते आणि सर्वांत लांब डाईक ७९ किलोमीटर धावतो. शेतकऱ्याला त्यांची किंमत वेगळ्या कारणाने ठाऊक असते, कारण जमिनीखालचे पाणी अशा भिंतीपाशी अडते. खडी फोडणाऱ्यांना तर ती पुरेपूर ठाऊक आहे. चढाईवाल्यांची नजर त्यांच्याकडे तुलनेने उशिरा वळली. ट्रेकरांना डाईक माहीत असतो तो बहुधा नाशिक जिल्ह्यातल्या धोडपमुळे. त्या किल्ल्याच्या लांब भिंतीतली खाच एकदा पाहिली की विसरत नाही.

स्पोर्ट क्लाइंबिंग म्हणजे आधीच ठोकून ठेवलेल्या बोल्टांच्या आधाराने केलेली चढाई. बोल्टाला हँगर म्हणजे भोकाची धातूची पट्टी, हँगरला क्विकड्रॉ म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेला पट्टा, त्यातून दोर. हात-पाय कातळावरच, बोल्ट धरून वर जायचे नाही, तो फक्त पडल्यावर झेलण्यासाठी. उंचीला यात मान नाही. जर्मनीतल्या फ्रँकेनयुरामध्ये वोल्फगांग गुलिकने १९९१ साली चढलेला ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ हा मार्ग जेमतेम पंधरा मीटरचा. तरीही नऊ-ए या काठिण्यश्रेणीचा जगातला पहिला मार्ग म्हणून तोच ओळखला जातो. तिथला खडक चुनखडीचा, एकेका बोटापुरत्या भोकांचा. आपल्याकडे या खेळाचे मोठे नाव कर्नाटकातल्या बदामीचे. तिथल्या ‘गणेशा’ या आठ-बी-प्लस मार्गावर यश मिळवणाऱ्या पहिल्या भारतीयांत पुण्याचा तुहीन सातारकर आहे. पण बदामीचा तांबडा वालुकाश्म सह्याद्रीत नाही. इथे आहे बेसॉल्ट, आणि या खेळासाठी तो जरा आडमुठा खडक.

सह्याद्री थरांनी बनला आहे. लाव्ह्याचा एक प्रवाह थंड झाला, त्यावर दुसरा आला. प्रत्येक प्रवाहाचा मधला गाभा घट्ट, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा थर. तो थर पावसाने खचतो, वरचा कातळ पुढे लोंबतो. उभे, आखूड मार्ग मिळतात ते अशाच जागी. मार्ग आखूड असण्याचे कारण सरळ आहे: प्रवाहाचा घट्ट गाभा तेवढाच जाड असतो. त्याच्या वर गवताची पट्टी, घसारा, सुटे धोंडे. तिथे चढाई नुसती धोकादायक, मजेची नाही. घट्ट थर कुठला, ही पारख लेणी कोरणाऱ्यांना पक्की होती, आणि मला वाटते बोल्ट ठोकणाऱ्यांनी आधी ती शिकावी.

डाईकचा कातळ तर याहून घट्ट. मग सगळे मार्ग तिथेच का काढू नयेत? अडचण सांध्यांची, म्हणजे खडकातल्या तडांची आहे. थिजणारा लाव्हा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात तडकतो आणि त्याचे खांब बनतात. आडव्या प्रवाहात खांब उभे पडतात. उभ्या डाईकमध्ये ते आडवे पडतात, सरपणाची थप्पी रचल्यासारखे. पकडी झकास मिळतात, सरळ कडांच्या. पण थप्पीतले एखादे लाकूड सुटे असू शकते.

युरोपीय मानकानुसार चढाईच्या बोल्टाने आडव्या ओढीला २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन, भार सोसायला हवा. दोराच्या मानकात पहिल्या प्रमाणित झटक्याची कमाल मर्यादा १२ किलोन्यूटन आहे. आकडे दिलासा देणारे खरे, पण बोल्टाची ही चाचणी काँक्रीटच्या ठोकळ्यात होते. सुट्या धोंड्यात ठोकलेला उत्तम बोल्ट त्या धोंड्यासकट खाली येतो. म्हणून ड्रिल काढण्याआधी हातोडी. खणखणीत आवाज आला तर पुढे जायचे, बद्द आला तर जागा बदलायची, आणि शेजारच्या भेगा कुठे जाऊन मिळतात तेही पाहायचे. सच्छिद्र थरात प्रसरण पावणाऱ्या बोल्टाला नीट पकड मिळत नाही. तिथे रसायनाने चिकटवलेला बोल्ट बरा.

शिवाय आपला पावसाळा. चार महिने पाणी पाझरत राहते, साधे पोलाद गंजते आणि गंज भोकाच्या आत असल्याने बाहेरून दिसत नाही. सुळक्यांवर एका पिढीने हाताने भोके पाडून, तासन्‌तास लोंबकळत, आखूड बोल्ट ठोकले. त्या कष्टांबद्दल आदरच आहे, पण त्या लोखंडावर आज विसंबणे हा आदर नव्हे. सेफ क्लाइंबिंग इनिशिएटिव्हच्या कार्यकर्त्यांनी सह्याद्रीतले असे जुने बोल्ट बदलून स्टेनलेस स्टीलचे बसवण्याचे काम हाती घेतले. नव्या शिखराच्या बातमीपेक्षा मला हे काम मोलाचे वाटते.

आखूड मार्गाचा आणखी एक फसवा गुण आहे. उंची कमी म्हणून भीती कमी वाटते. प्रत्यक्षात दुसरा-तिसरा बोल्ट गाठेपर्यंत पडलेला माणूस थेट जमिनीवर येऊ शकतो. दोर ताणला जाण्याआधीच जमीन येते. त्यामुळे खालचे बोल्ट जवळजवळ हवेत. बिले देणाऱ्याचे, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचे लक्षही तिथेच सर्वाधिक हवे, मोबाईलवर नको.

हा खेळ महाराष्ट्रात उपरा नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरिविहार संस्थेने २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची, म्हणजे दोराविना केलेल्या आखूड चढाईची विश्वचषक फेरी भरवली. पण कृत्रिम भिंतीवर तयार झालेली मुले कातळावर येतात तेव्हा प्रत्येक पकड जागची हलणार नाही असे गृहीत धरतात. बेसॉल्टवर ते चालत नाही. आणि चांगल्या बोल्टांची बाजू घेतली, तरी सरसकट बोल्ट ठोकण्याच्या मी विरुद्ध आहे. किल्ल्याच्या तटाखाली, लेण्यांच्या माथ्यावर, घुबड-ससाण्यांच्या घरट्यांशेजारी ड्रिल नको. भेगेत अडकवता येणारी साधने बसत असतील तिथेही नको.

सुरत-चलथाणकडच्या वाचकांना हे शिकायचे असेल तर पावसाळ्यानंतर कातळ पुरता वाळू द्या आणि जाणत्या संस्थेबरोबरच जा. हेल्मेट घाला, बिले देणाऱ्यालाही घालायला लावा. एखादा हँगर फिरताना किंवा गंजाचा ओघळ दिसला तर त्यावर भार न देता खाली उतरा. मग मार्गाचे नाव आणि खालून कितवा बोल्ट, एवढे त्या भागातल्या गिर्यारोहण संस्थेला त्याच दिवशी कळवा.