पगार मागायला लाजू नका!

मैत्रिणींनो, भाजी घेताना दोन रुपयांसाठी आपण भाजीवाल्याशी हुज्जत घालतो. पण नव्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी “पगाराची अपेक्षा काय?” असं विचारलं, की मान खाली जाते. “तुम्हीच ठरवा,” एवढं म्हणून आपण मोकळ्या होतो. नुकसान होतं ते इथंच.

अकलोलीचंच उदाहरण घेऊ. तानसेच्या काठचं, गरम पाण्याच्या कुंडांचं हे गाव. समजा, इथली एक मुलगी गावातच हिशेबाचं काम करते. हातात 13,000 रुपये येतात. माणकोलीच्या गोदामातल्या कचेरीत तिला 16,000 देऊ केले. घरात पेढे वाटायची तयारी! पण थांबा, आधी कागद-पेन्सिल घ्या.

पूर्ण पगारावर 12 टक्के प्रॉव्हिडंट फंड, म्हणजे 1,920 रुपये कापले जातील. राज्य विम्याचे 0.75 टक्के, म्हणजे 120. उरले 13,960. जाण्यायेण्याला रोजचे 80 रुपये धरले, तर 26 दिवसांचे 2,080. हाती राहतात 11,880. म्हणजे आधीपेक्षा 1,120 कमीच! फंडातले पैसे आपलेच, मालकही त्यात भर घालतो, हे खरं. पण महिन्याचा किराणा काही फंडातून भरता येत नाही.

आता हाच हिशेब 18,000 वर मांडा. हातात 13,625 उरतात. मग सरळ सांगावं, “साहेब, कामाचा अनुभव आहे, येणंजाणं लांबचं आहे. अठरा हजारांची अपेक्षा आहे.” घरच्या अडचणींचं रडगाणं नको, आपल्याला काय काम येतं ते सांगा. आणि आकडा सांगून झाला, की गप्प बसा. घाईनं स्वतःच खाली उतरू नका.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा, बरं का :

• सारख्या कामाला बाईला कमी पगार देणं 1976 च्या कायद्यानंच चूक ठरवलं. 2019 च्या वेतन संहितेतही तेच तत्त्व आहे.

• जुन्या कायम नोकरीला पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर घाई नको. दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी 13,000 मूळ पगारावर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी 37,500 रुपये होते.

• फंड काढून खर्चू नका, नव्या खात्यात वळवून घ्या.

• नेमणूकपत्र हाती पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

साहेब फार तर “नाही” म्हणतील. पण न मागता कोण देणार?